उड्या मारणारी पद्मिनी

"बाई, तुमची गाडी उड्या मारते!"

चौथीच्या वर्गात मी हजेरी घेत होते. मागच्या बाकावरून हे वाक्य आलं आणि सगळा वर्ग खो खो हसला. मीही हसले, पण नुसत्या ओठांनी. कारण आदल्या दिवशी काय झालं होतं ते त्या बोलणाऱ्या मुलाला ठाऊक होतं आणि मला ठाऊक होतं.

आमचं गाव वाई. पाऊस नुकताच संपला होता. शाळेजवळच्या गल्लीत पाण्याच्या नळासाठी रस्ता खणला होता आणि मग घाईघाईने बुजवला होता. त्यामुळे तिथला रस्ता अगदी पन्हाळी पत्र्यासारखा झाला होता. हातभर अंतरावर एक उंचवटा, मग खोलगट, मग पुन्हा उंचवटा. मी गाडी काही पळवत नव्हते. ताशी पंचवीसच्या आसपास वेग असेल. एवढ्यात डावीकडून एक चेंडू टप्पे खात आला आणि चेंडूमागून हे महाशय!

मी ब्रेक दाबला. वेळेवर दाबला. ब्रेक चार महिन्यांपूर्वीच नवे केले होते. पण गाडी जागच्या जागी थांबेल तर शपथ! थडथड थडथड करत ती पुढे सरकतच राहिली. अखेर थांबली, तेव्हा बंपर आणि त्या मुलाचे गुडघे यांच्यामध्ये जेमतेम एक वीत अंतर होतं. त्याने चेंडू उचलला, "सॉरी बाई" म्हणाला आणि पळाला. माझे हात मात्र स्टिअरिंगवर कितीतरी वेळ थरथरत होते.

ही गाडी माझ्या वडिलांची, म्हणजे अण्णांची. १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी. माझ्याहून वयाने मोठी! तुमच्यापैकी पुष्कळांनी ती फक्त जुन्या सिनेमात पाहिली असेल. पण आईबाबांना विचारा, त्यांचे डोळे लगेच चमकतील. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच. मूळची ही इटलीची, फियाट ११००. आपल्याकडे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होत असे. आधी फियाट म्हणूनच विकली जाई, मग १९७०च्या दशकात तिचं 'पद्मिनी' असं बारसं झालं. १०८९ सीसीचं इंजिन, नऊशे किलोच्या आसपास वजन आणि गिअरचा दांडा खाली नाही, स्टिअरिंगजवळ. नवं शतक लागता लागता तिचं उत्पादन थांबलं. मुंबईत टॅक्सी म्हणून शेवटच्या पद्मिनीची नोंद २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. टॅक्सीला तिथे वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे २०२३च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून गेली. पण टॅक्सीचे नियम वेगळे आणि घरच्या गाडीचे वेगळे. आमची पद्मिनी दर पाच वर्षांनी तपासणी करून घेते, नोंदणीचा नवा कागद मिळवते आणि ऐटीत फिरते.

त्या संध्याकाळी मी घरी सगळं सांगितलं. आमचे हे म्हणाले, "बास झालं आता. विकून टाकू. कुणाच्या मुलाला लागलं असतं म्हणजे?" बरोबरच होतं त्यांचं. अण्णा काही बोलले नाहीत. उठून अंगणात गेले आणि गाडीच्या मागच्या कोपऱ्यावर हात ठेवून उभे राहिले. थोड्या वेळाने आत आले आणि म्हणाले, "ब्रेक नव्हेत गं, तिचे शॉकअप गेलेत. एकदा ते नीट बसवून बघू. तरीही ती थांबली नाही, तर मीच गिऱ्हाईक शोधतो."

शॉकअप म्हणजे शॉकॲब्सॉर्बर. गॅरेजात सगळे शॉकअपच म्हणतात, म्हणून आपणही तेच म्हणू. आता तुम्ही म्हणाल, गाडी थांबवतो ब्रेक, मग हा शॉकअप मध्येच कुठून आला? मलाही हेच वाटलं होतं. त्यासाठी एक छोटासा प्रयोग करावा लागेल.

एक लांब रबरबँड घ्या. (तीन-चार एकमेकांत गुंफले तर उत्तम.) त्याला दोऱ्याने एक खडा बांधा. रबरबँड वरून हातात धरा, खडा थोडा खाली ओढा आणि सोडून द्या. खडा वर-खाली, वर-खाली नाचत राहील. किती वेळा नाचला ते मोजा. आता खालून पाण्याने भरलेलं पातेलं धरा, म्हणजे खडा पाण्यात बुडेल. पुन्हा ओढा आणि सोडा. आता तो फार तर दोन-तीन हेलकावे घेईल आणि गप्प होईल. रबर तेच, खडाही तोच. पाण्याने फक्त त्याची मस्ती जिरवली!

गाडीतही असंच असतं. बैलगाडीला स्प्रिंग नसते, म्हणून प्रत्येक दगड आपल्या कण्याला कळतो. टांग्याला पोलादी पाटे असतात. पद्मिनीला पुढच्या चाकांजवळ गुंडाळीच्या स्प्रिंगा आहेत आणि मागे टांग्यासारखेच पाटे आहेत. खड्ड्याचा धक्का आधी टायर झेलतो, मग या स्प्रिंगा आणि पाटे झेलतात. शॉकअप नव्हे! त्याचं नाव 'धक्का शोषणारा' असं असलं, तरी त्याचं खरं काम वेगळं आहे. धक्का झेलून झाल्यावर स्प्रिंग त्या खड्यासारखी नाचत राहते, ते नाचणं तो बंद करतो. इंग्लंडमध्ये त्याला 'डँपर' म्हणतात. माझ्या मते तेच नाव जास्त खरं आहे.

आता त्याच्या पोटात काय असतं? एक नळकांडं, त्यात तेल आणि तेलात वर-खाली होणारा दट्ट्या. दट्ट्याला बारीक भोकं आणि झडपा असतात. दट्ट्या हलला की तेलाला त्या बारीक वाटेने पलीकडे जावं लागतं. सुई काढलेली एक नवी सिरिंज घेऊन तिच्यात पाणी भरा. दट्ट्या हळूहळू दाबला, तर पाणी निमूट बाहेर येतं. पण झटक्याने दाबून बघा, अंगठा दुखेल! जितकी घाई कराल तितका विरोध जास्त. शॉकअपचा स्वभाव नेमका असाच आहे. गाडी संथपणे वर-खाली झाली तर तो फारसा बोलत नाही, पण चाक थयथयाट करायला लागलं की करकचून धरतो. आणि त्या थयथयाटाची ऊर्जा जाते कुठे? तेल गरम होतं. बस्स. गाडीच्या उड्यांची उष्णता होते आणि ती हवेत निघून जाते. ही उष्णतेची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती फार उपयोगी पडणार आहे.

आता आमच्या गल्लीचं गणित करू. ताशी २५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण ७ मीटर. उंचवटे समजा ६० सेंटिमीटरवर एक. म्हणजे एका सेकंदात चाकाला ११-१२ धक्के बसले! मोटारीचं चाक आणि त्याला जोडलेला लोखंडी भार साधारण याच ठेक्यावर नाचायला आवडणारा असतो. झोपाळ्याला बरोबर वेळेवर झोका दिला की तो उंच उंच जातो ना, तसंच. शॉकअप धडधाकट असेल, तर तो चाकाला दाबून धरतो. मेलेला असेल, तर चाक एका उंचवट्यावरून उडतं ते थेट पुढच्या उंचवट्यावरच आपटतं. अर्धा वेळ जमिनीवर आणि अर्धा वेळ हवेत! आता हवेतल्या चाकाला ब्रेक लावून काय उपयोग? गाडी थांबते ती टायर रस्त्याला घासतो म्हणून. टायर रस्त्यावरच नसेल, तर ब्रेक कितीही नवे करा.

गुळगुळीत रस्त्यावर हा दोष चटकन कळत नाही. म्हणूनच घाट चढताना, हमरस्त्यावर, आम्हाला कधी शंका आली नाही. कळला तो शाळेच्या गल्लीत.

रविवारी आम्ही मिस्त्रीकाकांकडे गेलो. हे काका पंचाहत्तरीचे. बोलतात कमी आणि गाडीला हात लावून विचार जास्त करतात. त्यांनी आधी चारही कोपरे एकेक करून जोरात दाबले आणि सोडून दिले. गाडी खाली गेली, वर आली आणि थांबली, तर ठीक. नाचत राहिली, तर बिघाड. मागचा डावा कोपरा तीन वेळा डोलला. बाकीचे तीन शहाण्यासारखे थांबले.

"म्हणजे एकच खराब आहे," मी पटकन म्हणाले.

"घाई नको, बाई," काका म्हणाले. आणि त्यांनी जे सांगितलं ते मला अगदी नवं होतं. पाट्यांची पानं एकावर एक असतात. ती एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणानेही गाडी थोडी शांत होते. त्यामुळे अर्धमेला शॉकअपसुद्धा या परीक्षेत कधी कधी पास होतो! म्हणजे हात दाबून नापास झालेला नक्की गेलेला, पण पास झालेला चांगलाच असेल असं नाही. (आमच्या तोंडी परीक्षेतही असे पास होणारे असतात, पण ते जाऊ दे.)

मग ते वाकून वाकून बघत राहिले. उजव्या शॉकअपच्या अंगावर तेलाचा ओघळ आणि त्यावर धुळीचा जाड थर होता. म्हणजे सील फाटून तेल झिरपतंय. टोकाचे रबरी बुश सुकून चिरलेले. मागच्या टायरवर हात फिरवला, तर मध्येच खळगा, मध्येच उंचवटा. नाचणारं चाक रस्त्यावर आपटत राहिलं की टायर असा जागोजागी झिजतो. शेवटी काकांनी गाडी काढली, गावाबाहेरच्या खडीच्या रस्त्यावर दहा मिनिटं फिरवून आणली आणि उतरल्याबरोबर चारही शॉकअपना बोटं लावली. पुढचे दोन्ही चांगले कोमट. मागचा उजवा किंचित कोमट. मागचा डावा थंडगार!

आता आठवली ना ती उष्णतेची गोष्ट? जो काम करतो तो तापतो. जो थंड तो आळशी. मला तर हे वर्गातही वापरून बघावंसं वाटलं. (तुम्ही मात्र गाडीखाली हात घालू नका हं. तिथे धुराचा नळ असतो आणि तो भाजतो. हे काम मोठ्या माणसांचं.)

मागची जोडी बदलायची हे ठरलं. जोडीच का? डावा नवा आणि उजवा थकलेला असेल, तर एका बाजूचं चाक रस्ता धरून राहील आणि दुसऱ्या बाजूचं सोडून देईल. मग ब्रेक दाबल्यावर गाडी तिरकी जाण्याची भीती. चपलेचा एकच पाय नवा घेत नाही आपण, तसंच.

पण खरी पंचाईत पुढेच होती. नवे आणायचे कुठून? ज्या गाडीचं उत्पादन बंद होऊन वीस वर्षांवर काळ लोटला, तिचा माल दुकानात मांडून ठेवलेला नसतो. मी आणि अण्णा पुण्याला नाना पेठेत गेलो. तिथे गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं ओळीने आहेत. एका दुकानदाराने आतून खोका आणला. "पद्मिनीला चालतात, घेऊन जा डोळे झाकून." लांबी साधारण तेवढीच दिसत होती, रंग झकास होता आणि किंमतही बेताची. मी डोळे झाकून घेतले! अण्णा म्हणत होते, "जुना काढून आणायला हवा होता, शेजारी ठेवून बघितला असता." पण बाईंना घाई.

मिस्त्रीकाकांनी खोका उघडला आणि बसवायला घेण्याऐवजी खिशातून मापाची टेप काढली. "बाई, गणित तुमचाच विषय ना? मग करा."

ते गणित इथे देते. आकडे सोयीचे घेतले आहेत, तुमच्या गाडीला हेच लावू नका. समजा, गाडी चार चाकांवर उभी असताना शॉकअपच्या वरच्या आणि खालच्या बोल्टमधलं अंतर ३८ सेंटिमीटर आहे. मोठा खड्डा आला की चाक वर जातं आणि शेवटी एका रबरी ठोकळ्यावर टेकतं. हा ठोकळा मुद्दाम तिथे ठेवलेला असतो, म्हणजे लोखंडावर लोखंड आपटत नाही. चाक तिथे टेकलं आणि ठोकळाही पुरता दबला की बोल्टमधलं अंतर उरतं ३० सेंटिमीटर. उलट, गाडी उचलून चाक लोंबकळत सोडलं, तर अंतर होतं ४७. मग आपला शॉकअप पूर्ण मिटल्यावर केवढा हवा? ३० पेक्षा कमी. आणि पूर्ण ताणल्यावर? ४७ पेक्षा जास्त. दोन्हीकडे थोडी जागा शिल्लक पाहिजे.

आम्ही आणलेला शॉकअप मिटवून मोजला. तो भरला दोन सेंटिमीटर जास्त! म्हणजे वरच्या उदाहरणात ३०च्या जागी ३२. दोन सेंटिमीटर म्हणजे केवढंसं, तुमच्या नखाएवढं. पण काय झालं असतं? मोठ्या खड्ड्यात चाक ठोकळ्यापर्यंत पोचायच्या आधीच शॉकअप संपला असता. दट्ट्या तळाशी आदळला असता आणि सगळा भार त्या बारीकशा बोल्टवर आला असता. दोन-चार वेळा असं झालं की एक तर शॉकअप फुटतो किंवा गाडीच्या अंगाचा पत्रा फाटतो. जुन्या गाडीचा पत्रा आधीच थकलेला! आणि उलट बाजूने, लांबीला कमी पडला, तर चाक लोंबकळताना तो ताणून ताणून सुटायला बघतो.

हे अंतर काढताना एक युक्ती आहे. शॉकअप बहुधा तिरका बसवलेला असतो. त्यामुळे चाक ८ सेंटिमीटर वर गेलं म्हणजे शॉकअपही बरोबर ८ सेंटिमीटर मिटेल असं नाही. थोडा कमी मिटतो. म्हणून चाकाची उंची मोजून वजाबाकी करत बसू नये. तिन्ही वेळा बोल्टपासून बोल्टपर्यंत थेट टेप लावावी. शिवाय टोकं बघावीत. कुठे गोल कडी असते, कुठे आटे पाडलेली दांडी. कडीचं भोक किती, बुशची रुंदी किती, हे सगळं मी वहीत उतरवून घेतलं. आकृतीसुद्धा काढली.

दुसऱ्या खेपेला पुण्याला जाताना जुना शॉकअप वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत, आणि वही हातात. दुकानदाराने खळखळ न करता खोका परत घेतला, हे त्याचे उपकारच.

आता समोर तीन वाटा होत्या, आणि तिन्हीकडे सल्ला देणारे उभे होते.

पहिली वाट जुनेच दुरुस्त करण्याची. एकजण म्हणाला, "नळकांडं कापतो, तेल भरतो, वेल्डिंग करून देतो. अगदी स्वस्तात." ऐकायला छान. पण दांडीवर ओरखडे असतील, तर नवं सीलसुद्धा महिनाभरात फाटतं. आत तेल कोणतं घालणार? शॉकअपचं तेल विशिष्ट पातळपणाचं असतं. हाताशी असेल ते इंजिनचं तेल घातलं, तर थंडीच्या सकाळी ते दाटून बसणार. दट्ट्याच्या झडपा झिजल्या असतील, त्यांचं काय? जे शॉकअप मुळातच उघडता येतील असे बनवलेले असतात, त्यांची दुरुस्ती जाणत्या माणसाने केली तर उत्तम. आमचे तसे नव्हते.

दुसरी वाट माझ्या भाच्याची. तो पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. "मावशी, शर्यतीच्या गाडीचे गॅसवाले टाक. कडक! मग बघ पद्मिनी कशी पळते." आता गॅस हा काही चेष्टेचा विषय नाही. शॉकअप फार वेगाने खालीवर झाला की तेलात बुडबुडे होतात, ताकावर फेस येतो तसे. फेस झाला की दट्ट्याला धरायला काही राहत नाही. म्हणून तेलाला नायट्रोजन वायूचा दाब देतात, म्हणजे फेस होत नाही. कल्पना फारच हुशारीची आहे. पण 'कडक म्हणजे चांगला' हे मात्र चूक. शॉकअप गाडीच्या वजनाला आणि स्प्रिंगच्या ताकदीला शोभेल असा लागतो. फार कडक असेल, तर उंचवट्यावर चाकाला वर जाऊच देत नाही, सगळी गाडीच उचलली जाते. आणि पुढे खोलगट आलं की चाकाला पटकन खाली येऊ देत नाही. म्हणजे पुन्हा चाक हवेत! मऊ शॉकअपने जे होतं तेच, फक्त दुसऱ्या कारणाने, आणि पाठ दुखते ती वेगळीच. गॅसचा दाब जास्त असेल तर दांडी सतत बाहेर ढकलली जाते, त्यामुळे हलकी गाडी थोडी उंचही होते. याच गाडीसाठी बनवलेले कमी दाबाचे गॅसवाले मिळाले असते, तर मी खुशाल घेतले असते. दुसऱ्याच गाडीचे, कडी कापून वेल्डिंगने बसवलेले, नकोत.

तिसरी वाट साध्या तेलाच्या शॉकअपची. जुन्याच मापाचे, जुन्याच ताकदीचे. ते शोधायला दोन दुकानं पालथी घालावी लागली. एका ठिकाणी तर कोऱ्या खोक्यातले, कधीच न वापरलेले, पण फार जुने तुकडे निघाले. अण्णांचा चेहरा खुलला. पण मी विचारलं, "रबराचं काय?" इतकी वर्षं पडून राहिलेलं सील कडक होतं, आणि गाडीला बसवल्यावर पहिल्याच पावसाळ्यात गळायला लागतं. अण्णांनी तो खोका चार वेळा उलटसुलट केला आणि परत ठेवला. त्यांना किती जड गेलं ते मला दिसलं. अखेर अलीकडच्या काळात बनलेली, मापात बसणारी जोडी मिळाली. पक्कं बिल घेतलं. दुकानातच शॉकअप उभा धरून काकांनी सांगितलेली परीक्षा घेतली. पूर्ण ताणायचा, पूर्ण मिटवायचा, आठ-दहा वेळा. हाताला विरोध सगळीकडे सारखा लागला पाहिजे, मध्ये कुठे रिकामा झोल नको. आणि ओढताना दाबण्यापेक्षा जास्त जोर लागला पाहिजे. का बरं? चाकाला उंचवट्यावर चटकन वर जाऊ द्यायचं असतं, पण दबलेली स्प्रिंग उसळून परत येते तेव्हा तिला आवरायचं असतं. म्हणून मिटताना जरा सैल आणि ताणताना घट्ट.

बसवायचं काम अर्ध्या दिवसात झालं. ते सविस्तर सांगत बसत नाही, पण दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. एक म्हणजे, काकांनी गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली डोकं घातलं नाही. आधी लोखंडी घोड्या लावल्या, गाडी हलवून बघितली, मगच ते वाकले. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कुणीही, अगदी बाबांनीसुद्धा, जायचं नाही. जात असतील तर तुम्ही अडवा. दुसरी म्हणजे, बुशचे बोल्ट त्यांनी आधी सैलच ठेवले. गाडी खाली उतरवली, चाकं जमिनीवर टेकली, तेव्हा ते आवळले. लोंबकळत्या चाकावर आवळले असते, तर गाडी उभी राहिल्यावर रबर कायम पिळलेलं राहिलं असतं आणि लवकर फाटलं असतं. एवढीशी गोष्ट, पण पुष्कळ ठिकाणी विसरतात.

पुढच्या जोडीचं काय, हा प्रश्न राहिला. ते शॉकअप तापत होते, गळत नव्हते. माझ्या पगाराकडे बघत काका म्हणाले, "दिवाळीनंतर बघू." मला ते पटलं.

मग आली खरी परीक्षा. रविवारी भल्या सकाळी, गल्लीत चिटपाखरू नसताना, आम्ही त्याच पन्हाळी रस्त्यावर गेलो. चालवायला अण्णा. मी रस्त्याकडेला खडू घेऊन उभी, आणि आमचे हे दुसऱ्या टोकाला माणसं अडवायला. एका रेघेवर पुढचं चाक आलं की ब्रेक दाबायचा, गाडी थांबेल तिथे दुसरी रेघ. अण्णा ताशी पंचवीसने आले. रेघ आली. ब्रेक. थडथड झाली, नाही असं नाही, पण एकदाच, आणि मग गाडी खाली बसल्यासारखी झाली आणि थांबली. जुने शॉकअप असताना इथे मोजमाप केलं नव्हतं, त्यामुळे किती फरक पडला ते आकड्यात सांगता येणार नाही. पण मागची चाकं मी डोळ्यांनी बघत होते. ती रस्ता सोडत नव्हती. आम्ही तसं पाच वेळा केलं. पाचही वेळा आमच्या ह्यांनी काही न बोलता रेघा बघितल्या. सहाव्यांदा म्हणाले, "अण्णा, जरा मी चालवून बघू?"

गाडी विकायचा विषय त्यानंतर निघालेला नाही. शाळेच्या गल्लीत मात्र मी आता ताशी दहाच्या वर जात नाही. शॉकअप नवे असले तरी.

जुना डावा शॉकअप मी पुसून शाळेत नेला. आमच्या विज्ञान कोपऱ्यात भिंग, लोहचुंबक आणि मधमाश्यांचं रिकामं पोळं यांच्या शेजारी तो आता असतो. मुलं त्याला धरून सायकलच्या पंपासारखं खालीवर करतात. त्याच्यात काही जोरच उरलेला नाही, पहिलीतलं पोरही ताणू शकतं. तो चेंडूवाला मुलगा पहिल्या दिवशी त्याच्याशी बराच वेळ खेळत होता. मग हळूच माझ्या टेबलाजवळ आला.

"बाई, आता गाडी लगेच थांबते?"

"थांबते."

"मी बघायला उभा राहू?"

"रस्त्याच्या कडेला, अण्णांच्या शेजारी. आणि आधी तो चेंडू दप्तरात घाल."

त्याने चेंडू दप्तरात घातला. मग पुन्हा काढला आणि माझ्या टेबलाच्या खणात ठेवला.